न मागता मिळणारी लायब्ररी आणि देवनागरीचा वाचक

संगणकाच्या परिभाषेत 'लायब्ररी' म्हणजे अनेक आज्ञावलींनी सामाईकपणे वापरावयाचा तयार संग्रह. लिनक्सच्या एखाद्या वितरणाने असे कोणते संग्रह न मागताच बसवून द्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो भाषाभ्यासकांचाही आहे.

डेबियन या वितरणाच्या धोरणात संचांच्या श्रेणी ठरविलेल्या आहेत. श्रेणी ठरते ती वापरणाऱ्यास प्रत्यक्ष मिळणाऱ्या उपयोगावरून. त्यामुळे लायब्ररीला स्वतःची उच्च श्रेणी सहसा लाभत नाही. एखादी आज्ञावली तिच्यावर विसंबून असेल, तर तिच्यामागून ती येते. २००९ मधील पाचव्या आवृत्तीपासून केवळ 'शिफारस' केलेले संचही आपोआप बसू लागले.

या व्यवस्थेची खरी कसोटी लिपीच्या ठायी लागते. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा भेद केवळ र-काराच्या आकारावर उभा आहे. हार्फबझ ही लायब्ररी अक्षरांची जुळणी करते. आकार मात्र टंकाने पुरवावा लागतो. दोहोंपैकी एक उणे असल्यास शब्द विस्कटतो. हिंदीला या अर्ध्या ऱ-काराची गरज नाही. म्हणून हिंदीपुरता पारखलेला टंक मराठीस पुरेल असे गृहीत धरता येत नाही.

रायपूरलगतच्या बीरगांवसारख्या औद्योगिक नगराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, तो हाच प्रदेश. हिंदी, छत्तीसगढी व मराठी या तिन्ही भाषांची लिपी एकच. ग्नू सी लायब्ररीत तिन्हींच्या स्थानिक संकेतांची नोंद आहे. तथापि डेबियन बसविताना हिंदी व मराठी निवडता येतात, छत्तीसगढी येत नाही. आणि मराठीही मिळते ती केवळ चित्रमय पद्धतीत. लिपी एक असली तरी सोय एकसारखी नाही.

यावरून एक निकष सुचतो. शब्दकोश किंवा शुद्धलेखन तपासनीस नसल्यास ती उणीव वाचकाला कळते आणि तो ते मागून घेऊ शकतो. लिपी जुळविणारी लायब्ररी व टंक नसल्यास ते कसे मागावे ही सूचनाच त्याला वाचता येत नाही. तेव्हा 'किती जणांना लागते' यापेक्षा 'नसल्यास मागता येईल काय' हा प्रश्न अगोदर विचारला जावा. संख्येने अल्प असलेल्या भाषांना न्याय मिळण्याचा मार्ग तोच होय.