डोंगरवाटेचा नकाशा

मुलांनो, कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. बारी गावातून वर वाट जाते.

एका पावसाळ्यात आम्ही तेथे गेलो. दाट धुके आले, वाट दिसेना. एका विद्यार्थ्याने मोबाइलवर नकाशा उघडला, तर पडदा कोरा! डोंगरात रेंज नव्हती आणि नकाशा त्याने आधी उतरवून घेतला नव्हता. दुसऱ्याने मात्र आदल्या रात्रीच 'ऑरगॅनिक मॅप्स'मध्ये त्या भागाचा नकाशा साठवला होता. त्यावर आमची जागा दिसली. आम्ही वाट सोडून बरेच डावीकडे आलो होतो!

रेंज नसताना जागा कशी कळली? मोबाइल उपग्रहांचे संदेश घेतो. चार उपग्रहांचे संदेश मिळाले की तो आपले ठिकाण काढतो. त्याला इंटरनेट लागत नाही.

नकाशावर वेड्यावाकड्या रेषा असतात. एक रेषा समान उंचीच्या जागा जोडते. रेषा जवळजवळ असल्या की चढ उभा समजावा. नुसते अंतर पाहून फसू नका. एक किलोमीटरही दमवतो. बॅटरी संपली तर? म्हणून मी कागदी नकाशाही नेतो. (मुले हसतात, हसू द्या.)

बारीत उतरल्यावर रेंज आली. त्या विद्यार्थ्याने घरी फोन करण्याआधी नकाशा उतरवून घेतला.