सायकलचा डिरेलर बदलताना

अंजनगाव सुर्जीच्या सपाट रस्त्यांवर एका गिअरची सायकल सहज चालते. पण परतवाड्यापुढे चिखलदऱ्याचा घाट लागला, की गिअरचे मोल कळते.

समजा, धाकट्या भावाची गिअरची सायकल पडली आणि मागच्या चाकाजवळ लोंबणारा डिरेलर मोडला. हा भाग दोन कामे करतो. तो चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवतो आणि लहान चक्रावर ढिली पडणारी चेन स्प्रिंगच्या साहाय्याने ताणून धरतो.

आता हिशेब करा. पुढच्या चक्राला 36 व मागच्याला 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक 2 फेरे घेते. मागे 28 दात्यांचे चक्र असेल, तर सुमारे 1.3 फेरे. जोर कमी लागतो, पण अंतरही कमी कापले जाते.

नवा डिरेलर आणण्यापूर्वी मागची चक्रे किती व सर्वांत मोठ्याला दाते किती, ते मोजा. डिरेलर जिथे बसतो ती पत्ती वाकली असल्यास आधी सरळ करून घ्या. बसवल्यावर चाक उचलून, पायडल हाताने सावकाश फिरवत दोन्ही मर्यादा-स्क्रू जुळवा. बाहेरच्या बाजूचा स्क्रू चेनला लहान चक्राखाली पडू देत नाही. आतल्या बाजूचा ढिला राहिला, तर डिरेलर आऱ्यांत शिरून धावते चाक एकदम अडते. म्हणून भावाच्या हाती सायकल देण्यापूर्वी प्रत्येक गिअर स्वतः तपासा.