देश, काळ, पात्र: सेवेला जाताय की फिरायला?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

हे तीन श्लोक दानाबद्दल आहेत. भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. देणं हे आपलं कर्तव्य आहे असं समजून, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्राला दिलं तर ते सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून, फळावर डोळा ठेवून किंवा मनात कुढत दिलं तर ते राजस. आणि चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, घेणाऱ्याला तुच्छ लेखून दिलं तर ते तामस.

दान म्हटलं की आपल्याला पैसे आठवतात. पण आपल्या वयाच्या नोकरदाराकडे पैशांपेक्षाही कमी असलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे सुट्टी. वर्षाच्या मोजक्या लीव्हमधून पंधरा दिवस कुणाला देणं, हेही दानच. म्हणून आज हे श्लोक सेवेला लावून बघू.

निमित्त असं झालं. आमच्या सत्संगातली एक मुलगी, आपल्या गोंदिया जिल्ह्यातलीच, पुण्याला आयटीत आहे. तिला युरोपातल्या एका भक्त-समुदायाच्या शेतावर सेवेसाठी बोलावणं आलंय. सकाळी आरती, दिवसभर फळबागेत काम, राहणं-जेवण त्यांचं, आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात ट्रेक. जायचंय ऑक्टोबरच्या शेवटी. तिने मला विचारलं, "भाऊ, ही सेवा म्हणायची की फिरणं? अन् आईला काय सांगू?" कारण आईचं म्हणणं एवढंच होतं, "धान कापणीला घरी यायला तुला सुट्टी नसते बाई. तिकडं दुसऱ्याची फळं तोडायला आहे."

या प्रश्नाला "मन शुद्ध असलं की झालं" असं सोपं उत्तर देता येतं. पण गीता इथे फक्त मनाबद्दल बोलत नाही. देश, काळ, पात्र या तिन्ही बाहेरच्या गोष्टी आहेत. डोळे उघडून तपासायच्या आहेत.

एक खरं उदाहरण

असंच परदेशात जाऊन धार्मिक समुदायात सेवा करणारा एक तरुण शंभर वर्षांपूर्वी उलट दिशेने आला होता. व्हेरियर एल्विन, जन्म १९०२, शिक्षण ऑक्सफर्डला. १९२७ मध्ये तो पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाला. हा संघ जॅक विन्स्लो यांनी स्थापन केला होता. भारतीय पद्धतीने राहायचं, खादी घालायची, प्रार्थना आणि सेवा करायची. पुढे एल्विनची गांधीजींशी भेट झाली आणि त्याची वाटच बदलली. जमनालाल बजाज यांनी त्याला गोंडांमध्ये काम करायला सुचवलं.

१९३२ मध्ये एल्विन आणि पुण्यातला त्याचा मराठी साथीदार शामराव हिवाळे मैकल डोंगररांगेतल्या करंजिया गावी जाऊन राहिले. आपल्या सालेकसा-दरेकसाकडून ही मैकलची रांग काही फार लांब नाही. तिथे त्यांनी शाळा काढल्या, औषधं दिली, कुष्ठरुग्णांसाठी घर उभारलं.

आता श्लोक लावून बघा.

पात्र. "पात्र" या शब्दाचा अर्थ आपण "लायक" असा करतो आणि समोरच्याची परीक्षा घ्यायला लागतो. पण बाविसावा श्लोक वाचला की कळतं, आदर न ठेवता दिलेलं दान तामस ठरतं. म्हणजे परीक्षा देणाऱ्याचीही आहे. एल्विन मिशनरी म्हणून आला होता, पण त्याने गोंडांचं धर्मांतर करायला नकार दिला. नागपूरच्या बिशपशी त्याचं पटलं नाही आणि काही वर्षांत त्याने चर्चच सोडलं. उलट १९३५ मध्ये शामराव आणि त्याने मिळून गोंडांच्या गाण्यांचं पुस्तक काढलं. द्यायला गेलेली माणसं आधी ऐकायला बसली. आपल्या भाषेत सांगायचं तर, रिक्वायरमेंट समजून न घेता कोड लिहू नका.

देश. आपण "आउटडोअर" म्हणतो ते कुणाचं तरी घर असतं. हे एल्विनला बैगा लोकांनी शिकवलं. धरती ही आई, तिच्या छातीवर नांगर चालवायचा नाही, अशी बैगांची श्रद्धा. ते डोंगरउतारावर झाडं तोडून, जाळून, राखेत बी टाकायचे. त्याला बेवर म्हणतात. वनखात्याने ती शेती एका ठराविक पट्ट्यापुरती ठेवली आणि बाकी जंगल त्यांना बंद केलं. १९३९ च्या 'द बैगा' या पुस्तकात एल्विनने त्यांची बाजू मांडली. नुसतं ट्रेकला आलेल्याला ते जंगल फक्त सुंदर दिसलं असतं.

आपल्या जिल्ह्यातच बघा. कचारगडची गुहा फोटोसाठी भारी आहे, पण गोंड समाजासाठी ते पूर्वजांचं ठाणं आहे. माघ पौर्णिमेला कुठून कुठून लोक तिथे येतात. गोठणगावजवळची तिबेटी वसाहत, नॉर्ग्येलिंग, १९७० च्या दशकापासून इथे आहे. आपण तिला "तिबेटी कॅम्प" म्हणतो आणि गोम्पा बघून परत येतो. पण ती देश सुटलेल्या लोकांनी उभारलेली गावं आहेत. आपल्या घरी पाहुण्याने कसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच आपण परदेशात वागायचं. एवढं कळलं तरी "देश" कळला.

देशात कायदाही आला. टुरिस्ट व्हिसावर "सेवाच तर करतोय" म्हणून चालत नाही. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलात तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस सेवा करता येते, आणि तो प्रवासाचा मुख्य हेतू असता कामा नये. जास्त काळासाठी वेगळा व्हिसा लागतो. प्रत्येक देशाचा नियम वेगळा. राहणं-जेवण फुकट मिळणं हासुद्धा काही ठिकाणी मोबदला धरतात. दूतावासाच्या साइटवर स्वतः वाचा. समुदायातल्या कुणाच्या तोंडी भरवशावर जाऊ नका.

काळ. हा सगळ्यात अवघड. आपल्या सुट्टीचा काळ आणि त्यांच्या गरजेचा काळ एकच असेल असं नाही. काळाचा आणखी एक अर्थ आहे: किती दिवस टिकणार? १९४० मध्ये एल्विनने कोसी नावाच्या गोंड तरुणीशी लग्न केलं. १९४९ मध्ये ते मोडलं. तो पुढे ईशान्य भारतात गेला, तिथे मोठं काम केलं, १९५४ मध्ये भारताचा नागरिक झाला, १९६४ मध्ये वारला. कोसी मागेच राहिली. शामराव हिवाळेही तिथेच, पाटनगडला राहिले, लोकांसोबत. जगाला एल्विनचं नाव माहीत आहे, शामरावांचं आपल्याही लोकांना नाही. मला वाटतं, या दोघांकडे एकत्र पाहिल्याशिवाय विसावा श्लोक पूर्ण कळत नाही. निघून जाणाऱ्याने काय दिलं हे मोजताना मागे कोण राहिलं हेही मोजावं लागतं.

मग ट्रेकचं काय?

ट्रेकचा आनंद घेतला म्हणून सेवा राजस होत नाही. गीता आनंदाला दोष देत नाही. परतफेडीवर डोळा ठेवण्याला देते. एक साधी टेस्ट आहे. ट्रेक रद्द झाला, पंधरा दिवस पाऊस पडला, आणि बागेऐवजी भांडी घासायला लावली, तरी तुम्ही त्याच मनाने राहाल का? हो, तर बिनधास्त जा. नसेल, तर सरळ स्वतःच्या पैशाने फिरायला जा. फिरणं वाईट नाही. फक्त फिरण्याला सेवेचं नाव देऊ नका.

त्या मुलीला मी हेच सांगितलं, आणि एक जास्त. त्या समुदायाला मेल कर आणि विचार, "तुम्हाला वर्षात सगळ्यात जास्त हात कधी कमी पडतात?" वसंतातल्या लागवडीला म्हणाले तर तेव्हा जा. ऑक्टोबरच म्हणाले, तर मग खरी निवड करावी लागेल, कारण तेव्हा घरचं धानही उभं असेल. ती निवड मी तिच्यासाठी करू शकत नाही. पण आई परतफेड मागत नाहीये, हात मागतेय. तिलाही पात्रांच्या यादीत धरून मग ठरव.

तिने मेल पाठवलाय. उत्तर यायचंय.

आज करायचं: या वर्षीच्या उरलेल्या सुट्ट्या मोजा. त्यातले दोन दिवस कुणाला द्यायचे ते लिहा. आणि तारीख ठरवण्याआधी त्या माणसाला फोन करून विचारा, "तुम्हाला कधी हवंय?"

उद्या भेटू, पुढचा श्लोक घेऊन. राम कृष्ण हरी.