टाकाऊ प्लॅस्टिक पिशव्यांपासून टिकाऊ बटवा



महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली. तरीही दुधाच्या, किराणा मालाच्या व कपड्यांच्या वेष्टनाच्या पिशव्या घरात येतच राहतात. त्या बहुधा उकिरड्यावर जातात आणि उकिरड्यातून शेणखताबरोबर शेतात. तेथे त्या कुजत नाहीत. मातीत पाणी मुरण्यास व मुळांच्या वाढीस अडथळा करतात.

याहून मोठा धोका जनावरांना आहे. उरलेले अन्न पिशवीत बांधून फेकले की गाय ते पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पचत नाही व शेणावाटे सहसा बाहेर पडत नाही. ते कोटीपोटात साचते. जनावर चारा कमी खाते, रवंथ मंदावते, पोट फुगते, दूध घटते. साठा वाढल्यास पोट उघडून तो काढण्यावाचून इलाज उरत नाही. पिशव्या जाळणे हाही उपाय नव्हे, कारण त्यांचा धूर आरोग्यास घातक असतो. म्हणून पिशवी घराबाहेर जाण्याआधीच तिचा उपयोग करावा. रिकाम्या वेळात करता येईल असा एक बटवा येथे दिला आहे.

साहित्य

मध्यम आकाराच्या ८ ते १० पातळ पिशव्या, कात्री, ५ ते ६ मि.मी. जाडीची क्रोशाची सुई व एक मोठे बटण.

कीटकनाशकांच्या पिशव्या किंवा वेष्टने मुळीच घेऊ नयेत. खताच्या गोणीचे अस्तरही टाळावे. ‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या पिशव्या लवकर विरतात, त्यामुळे त्याही निरुपयोगी ठरतात.

पूर्वतयारी

१) पिशव्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवाव्यात. दुधाची पिशवी रिकामी होताच धुवावी, नाहीतर वास जात नाही. ती उघडताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये. असे तुकडेच कचऱ्यात हरवतात.

२) पिशव्या सावलीत वाळवाव्यात. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते.

३) पिशवी सपाट पसरून वरचे बंद व तळाची शिवण कापून टाकावी. दोन्ही बाजूंनी उघडी नळी तयार होते. तिची डावी बाजू उजवीवर आणून घडी घालावी व आडव्या २.५ सें.मी. रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. जाड पिशवीच्या पट्ट्या १.५ सें.मी. ठेवाव्यात. पट्टी उलगडली की तिचे कडे होते.

४) एक कडे दुसऱ्या कड्यातून अर्धे ओवून घ्यावे व त्याचे एक टोक त्याच्याच दुसऱ्या टोकातून काढून हलकेच ओढावे. अशी सर्व कडी जोडून गुंडा करावा. ३० सें.मी. रुंद पिशवीची कापण्याजोगी उंची ३० सें.मी. असल्यास १२ कडी निघतात व गाठी वजा जाता सुमारे ३ मीटर दुहेरी दोरा मिळतो. दुधाच्या पिशवीची कडी लहान असल्याने गाठी जास्त येतात.

कृती

१) १८ साखळ्या घालाव्यात. सुईजवळची एक सोडून उरलेल्या १७ साखळ्यांत एकेक मुका खांब घालावा.

२) शेवटच्या साखळीत आणखी एक खांब घालून वळावे. त्याच साखळ्यांच्या खालच्या बाजूने १७ खांब घालावेत व टोकाला एक जादा घालावा. एकूण ३६ खांब होतात. हा बटव्याचा तळ.

३) आता न वाढवता गोल गोल विणत जावे. बटवा सुमारे १२ सें.मी. उंच झाला की थांबावे. टाके सैल ठेवावेत, कारण प्लॅस्टिक लोकरीसारखे ताणत नाही.

४) मागच्या बाजूच्या १८ खांबांवर उलटसुलट ५ ओळी विणाव्यात. हे झाकण. शेवटच्या ओळीच्या मध्यावर ४ साखळ्यांचा फास करावा व समोर बटण टाकावे.

५) उरलेल्या दोऱ्याची साखळी विणून बंद लावावा. टोके सुईने आतल्या टाक्यांत ओवून टाकावीत.

उपयोग व काळजी

बटवा मोबाईल, चिल्लर किंवा बियाण्याची पावती ठेवण्यास सोयीचा आहे. मात्र टाक्यांमधून पाणी शिरते, म्हणून कागद आत वेगळ्या पिशवीत ठेवावेत. गरम वस्तूजवळ किंवा चुलीपाशी बटवा ठेवू नये. त्यात उघडे खाद्यपदार्थ भरू नयेत. मळल्यास साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावा.

बचत गटातील भगिनींनी विक्रीचा विचार केल्यास कच्चा माल फुकट असला तरी वेळ फुकट धरू नये. पहिल्या दोन-तीन बटव्यांना लागलेले तास लिहून ठेवावेत व मजुरी धरूनच किंमत ठरवावी. विणण्यासाठी नवीन पिशव्या विकत घेऊ नयेत. त्याने मूळ हेतूच फसतो.

बटवा फाटला तर तो उकिरड्यावर न टाकता भंगारवाल्याकडे द्यावा. सर्वांत उत्तम म्हणजे बाजारात जाताना कापडी पिशवी न्यावी. आपल्या गोठ्यातील जनावर वाचवायचे असेल तर सुरुवात आपल्याच स्वयंपाकघरातून करावी.