जुन्या डिस्कचा वेग : बिट, बाइट आणि खरे माप

जुने संगणक दुरुस्त करून विकणे, जुन्या हार्ड डिस्कमधील हिशेब आणि लग्नाचे फोटो नव्या डिस्कवर उतरवून देणे, हा आज आपल्या अनेक कारागिरांचा रोजगार आहे. काम हाताला येते, पण वेगाचे आकडे वाचताना चांगले जाणकारही चुकतात. मग ग्राहकाला दिलेली वेळ पाळली जात नाही आणि दुकानाचा शब्द खाली पडतो. म्हणून हा हिशेब आज आपण मुळापासून पाहू.

समजा, एक ग्राहक ८० जीबीची जुनी आयडीई डिस्क घेऊन आला. ती पूर्ण भरलेली आहे. आपल्याजवळ यूएसबी २ चा जोड आहे आणि त्यावर ४८० असे छापले आहे. ८०,००० भागिले ४८०, म्हणजे सुमारे १६७ सेकंद! "बसा, चहा घ्या, तीन मिनिटांत देतो," असे आपण सांगून टाकतो. प्रत्यक्षात पाऊण तास जातो. चूक कोठे झाली?

पहिली पायरी : बिट की बाइट?
आठ बिट मिळून एक बाइट होतो. इंग्रजीत लहान 'बी' म्हणजे बिट आणि मोठा 'बी' म्हणजे बाइट. यूएसबी २ चे ४८० हे मेगाबिट आहेत. त्यांना ८ ने भागले की सेकंदाला ६० मेगाबाइट मिळतात. जुन्या यूएसबी १.१ चे १२ मेगाबिट म्हणजे अवघे १.५ मेगाबाइट.

आयडीई आणि स्कझी या रुंद पट्टीच्या केबलींचे आकडे मात्र आधीच बाइटमध्ये असतात. आयडीईत १६ तारांवरून एका वेळी दोन बाइट जातात. एटीए १०० मध्ये हे सेकंदाला ५ कोटी वेळा घडते, म्हणून १० कोटी बाइट, अर्थात १०० मेगाबाइट. यांना ८ ने भागू नये.

दुसरी पायरी : आठने की दहाने?
साटा केबलीत प्रत्येक ८ बिटांमागे तारेवर १० बिट पाठवावे लागतात. जादा दोन बिट वाहतूक बिनचूक व्हावी म्हणून असतात, त्यात ग्राहकाचा माल नसतो. म्हणून येथे १० ने भागावे. १.५ गिगाबिटचे १५०, ३ चे ३०० आणि ६ चे ६०० मेगाबाइट. ८ ने भागणारा ६ चे ७५० सांगतो आणि फसतो. ५ गिगाबिटच्या यूएसबी ३ लाही हाच नियम, म्हणजे ५०० मेगाबाइट. त्यापुढील १० गिगाबिटच्या यूएसबीत १२८ बिटांमागे फक्त ४ जादा असतात, तेथे १० चा भागाकार चालत नाही.

तिसरी पायरी : हजार की १०२४?
वेगाचे आणि डिस्कचे माप दशमान आहे. एक मेगाबाइट म्हणजे १० लाख बाइट. पण विंडोज मेगाबाइट म्हणून १०,४८,५७६ बाइट मोजते. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने या दुसऱ्या मापाला मेबीबाइट असे वेगळे नाव दिले. जुनी सवय मात्र गेली नाही. म्हणूनच ८० जीबीची डिस्क पडद्यावर ७४.५ दिसते आणि ग्राहक म्हणतो, "साडेपाच जीबी कोठे गेले?" गेलेले काहीच नाही, फक्त माप बदलले. पडद्यावरचा वेग दशमान करायचा असेल तर त्याला १.०४८६ ने गुणावे.

सीडी ड्राइव्हचा 'एक्स' याच जुन्या मापातला आहे. सेकंदाला ७५ खंड आणि प्रत्येकात २,०४८ बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट. ५२ एक्सचा ड्राइव्ह जास्तीत जास्त सुमारे ८ मेगाबाइट देतो.

आता वेळ काढू
८० जीबी म्हणजे ८०,००० मेगाबाइट. यूएसबी २ ने कागदावर १,३३३ सेकंद, म्हणजे २२ मिनिटे. प्रत्यक्षात या जोडातून बहुधा ३० ते ४० मेगाबाइटच मिळतात. ३० धरले तर ४५ मिनिटे. तोच जोड चुकून यूएसबी १.१ च्या जुन्या संगणकाला लावला तर सुमारे १५ तास लागतील!

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केबलीचा आकडा ही कमाल मर्यादा असते. फिरत्या तबकडीची साधी डिस्क ६०० च्या साटावर लावली म्हणून ६०० ने धावत नाही. तबकडी खराब असेल तर वेळ आणखी वाढतो. म्हणून आधी एक जीबीची फाइल उतरवून घड्याळ लावावे आणि त्यावरून वेळ सांगावी.

सरावासाठी
(१) स्कझी अल्ट्रा ३२० चे किती मेगाबाइट? (२) १.५ गिगाबिटच्या साटाने ३० जीबी कमीत कमी किती वेळात? (३) पडद्यावर १०० दिसणारा वेग दशमान मापात किती?
उत्तरे : (१) ३२०. (२) २०० सेकंद. (३) सुमारे १०५.

दुकानात शिकणाऱ्या मुलांकडून ही तीन गणिते करून घ्यावीत. पावतीवर डिस्कचे माप दशमान लिहावे आणि पडद्यावर किती दिसेल तेही शेजारी लिहावे. ग्राहकाची शंका विक्रीपूर्वीच मिटते, आणि दिलेल्या वेळेला काम देणाऱ्याकडे तो पुन्हा येतो.