पायांची शक्ती किती वॅट?

सायकलवीरांचा शक्तिमापक साध्या नव्या सायकलीहून महाग असतो. पायडलवर जोर दिला की त्याचा दांडा किंचित वाकतो. दांड्यावरील ताणमापी तो जोर मोजतो. जोर व फिरण्याचा वेग यांवरून शक्ती निघते. स्वस्त मापक एकाच पायाची शक्ती मोजून दुप्पट करतो. दोन्ही पाय मोजणारा महाग पडतो.

पण तुम्ही हे फुकट मोजू शकता! देहूरोडजवळच्या घोरावडेश्वराच्या पायऱ्या मोजा. त्यांना एका पायरीच्या सरासरी उंचीने गुणा. समजा, वस्तुमान ५० किलोग्रॅम, चढ ६० मीटर, वेळ ५ मिनिटे. तर

शक्ती = ५० × ९.८ × ६० ÷ ३०० = ९८ वॅट.

खंडाळ्याचा घाट सायकलीने चढलात, तर सायकलचेही वस्तुमान धरा. हवेचा विरोध व घर्षण यांमुळे खरी शक्ती याहून जास्तच लागते. तुमची किती भरते?