ढासळलेला किल्ला

आश्विन महिना सरत आला, सहामाही परीक्षा आटोपली, की महाराष्ट्रातील अंगणांत मुलामुलींची एक निराळीच लगबग सुरू होते. कोणी विटा गोळा करतो, कोणी जुने गोणपाट मागून आणतो, कोणी पायाने चिखल तुडवतो. दिवाळीचा किल्ला उभारावयाचा असतो! तट, बुरूज, महादरवाजा, तळे, पायथ्याची शेते आणि सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, असे सारे स्वराज्य चार हात जागेत वसवावयाचे असते.

परंतु पुष्कळदा असे घडते, की तीन दिवस खपून उभारलेल्या किल्ल्याला चौथ्या दिवशी भेगा पडतात. बुरूज खचतो, तळे कोरडे पडते, मावळ्यांचे रंग ओघळतात. पाहणारे हसतात आणि करणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. ‘आपल्याला हे जमावयाचे नाही,’ असे म्हणून तो पुन्हा मातीला हात लावीत नाही. मुलांनो, खरे पाहता याच वेळी थांबून त्या ढिगाऱ्याकडे नीट पाहावयास हवे. किल्ला उगाच ढासळत नाही. त्याला कारण असते, आणि शोधणाऱ्याला ते सापडते.

प्रथम भेगांचा विचार करू. चिकण मातीचे कण अतिशय सूक्ष्म व चपटे असतात. माती ओली असताना या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो. ते पाणी उडून गेले, की कण एकमेकांजवळ सरकतात व माती आकसते. उन्हाने वरचा थर आधी सुकतो. आतला गाभा मात्र ओलाच राहतो. वरचा थर आकसू पाहतो, आतला त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत वरचा थर फाटतो. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्याही माती आकसल्यामुळेच. म्हणून कुंभार आपल्या मातीत राख व घोड्याची लीद मिसळतो आणि मातीच्या भिंती घालणारा चिखलात भुसा तुडवतो. वाळू आणि राख मातीसारखी आकसत नाहीत. भुशाच्या काड्या मातीला धरून ठेवतात. किल्ल्याच्या चिखलात थोडी बारीक वाळू व भुसा मिसळावा, लेप पातळ द्यावा आणि तो सावलीत सावकाश सुकू द्यावा. भेगा पुष्कळ कमी होतील.

आता खचलेल्या बुरुजाकडे वळू. कोरडी वाळू मुठीतून जमिनीवर सोडत राहा. ढीग वाढत जाईल, पण त्याची बाजू जमिनीशी सुमारे ३० ते ३५ अंशांहून अधिक उभी होणार नाही; वरून आणखी वाळू टाकली, तर ती घसरून खाली येईल. ओलसर माती याहून उभी राहू शकते, कारण थोडे पाणी कणांना एकत्र धरून ठेवते. पाणी फार झाले, की तीच माती वाहू लागते. म्हणून नुसत्या चिखलाचा उभा कडा टिकत नाही. आत दगडविटांचा सांगाडा रचावा, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरावे आणि मग लेप द्यावा. भार विटांनी सोसावयाचा. मातीने केवळ रूप द्यावयाचे.

तळ्याची गोष्टही अशीच आहे. मातीत नुसता खळगा करून पाणी ओतले, तर ते झिरपते आणि शेजारच्या बुरुजाचा पाया मऊ करते. तळ्याच्या जागी एखादे पसरट भांडे पुरले, म्हणजे तळेही राहते आणि बुरूजही. कारंजे उडत नसेल, तर नळीला दोष देण्यापूर्वी बाटली कोठे ठेवली आहे ते पाहा. बाटलीतील पाण्याची पातळी जेवढी उंच, तिच्याहून वर कारंजे जाऊ शकत नाही. आणि तळे गळले म्हणून लाज वाटण्याचे कारण नाही. खुद्द रायगडावरील हत्ती तलाव गळतीमुळे दीर्घकाळ कोरडा पडत असे. गळती शोधून बुजवल्यावर २०२० साली पावसाळ्यात तो पुन्हा भरला.

किल्ल्यावर हिरवळ यावी म्हणून मुले अळीव पेरतात. पण ते धनत्रयोदशीला पेरले, तर लक्ष्मीपूजनाला किल्ला उघडाच दिसतो. बी भिजून अंकुर फुटण्यास दोन-तीन दिवस आणि हिरवळ दाट होण्यास आणखी तितकेच दिवस लागतात. बी खोल पुरले, तर इवल्याशा बियातील अन्नसाठा अंकुर वर येण्यापूर्वीच संपतो. ते मातीवर भुरभुरावे व पाणी शिंपडावे. धार धरू नये.

मावळ्यांचे रंग का ओघळतात? जलरंगात डिंक असतो आणि डिंक पाण्यात विरघळतो. पहाटेचे दव त्याला पुरेसे होते. म्हणून रंगवलेली चित्रे रात्री आडोशाला ठेवावीत. मोडक्या मावळ्याला ओल्या मातीचा नवा हात जोडला, तर तो सुकताच गळून पडतो. येथेही भेगांचेच कारण आहे. नवी माती आकसते, जुनी आकसत नाही. हात निराळा घडवून पूर्ण सुकू द्यावा आणि मग सरसाने चिकटवावा.

कधी कधी काहीच मोडत नाही, तरी किल्ला खरा वाटत नाही. मावळा दरवाजाहून उंच असतो! येथे गणित उपयोगी पडते. ४०० मीटर उंचीचा डोंगर १ मीटरचा केला, तर १६० सेंटिमीटर उंचीचा माणूस ४ मिलिमीटरचा होईल, म्हणजे जवळजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा. उलट ८ सेंटिमीटरचा मावळा प्रमाण मानला, तर डोंगर २० मीटर उंच करावा लागेल. अंगणात दोन्ही साधणे कठीण. म्हणून मोठी चित्रे पुढे पायथ्याशी मांडावीत, लहान चित्रे वर व मागे ठेवावीत. डोळ्यांना गड दूर आणि उंच भासतो.

मात्र कारण शोधताना एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन विटा घ्या. एकीवर नुसत्या चिखलाचा, दुसरीवर वाळू मिसळलेल्या आणि तिसरीवर भुसा मिसळलेल्या चिखलाचा लेप द्या. लेपाची जाडी सारखी ठेवा, विटा एकाच जागी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी भेगा मोजून वहीत लिहा. माती, वाळू आणि जागा एकदम बदलली, तर कशाने काय झाले हे कळणार नाही.

बाजारात आता तयार किल्लेही मिळतात. त्यांना भेगा पडत नाहीत, आणि भेग का पडते हा प्रश्नही त्यांच्यापाशी कोणाला सुचत नाही. घरचा किल्ला दिवाळीनंतर मोडतात. विटा रचून ठेवतात, माती झाडांच्या बुंध्याशी जाते. वहीत लिहिलेले मात्र पुढल्या आश्विनापर्यंत टिकते. ज्याचा बुरूज यंदा खचला, त्याने ती वही उघडूनच पुढल्या वर्षीची पहिली वीट ठेवावी.

अभ्यास

१. चिकण मातीला भेगा का पडतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. मावळ्याला जोडलेला ओल्या मातीचा हात का गळून पडतो?
३. तुमच्या फसलेल्या एखाद्या प्रयोगाचे कारण शोधा व दहा ओळींत लिहा.